परदेशात भारी हॉटेलात जेवताना बिल फुगवणाऱ्या चुका

मुंबईहून निघण्याआधी तिकीट, व्हिसा, राहण्याची सोय सगळं पक्कं असतं. 'एकदा तरी नावाजलेल्या ठिकाणी जेवायचं' एवढंच तेवढं तिथे पोचल्यावर बघू म्हणून राहून जातं. मग दिवसभर पायपीट करून थकल्यावर समोर दिसेल त्या झगमगीत दारातून आत शिरायचं आणि नाकापेक्षा मोती जड करून घ्यायचा.

रात्रीचं टेबल धरणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पॅरिस असो की टोकियो, बऱ्याच ठिकाणी दुपारी त्याच किचनमधलं जेवण कमी पदार्थांच्या ठरलेल्या मेनूत बरंच स्वस्त मिळतं. कामाच्या दिवशी दुपारी टेबलं भरायची असतात, म्हणून हे परवडतं. स्पेनमध्ये याला 'मेनू देल दिया' म्हणतात: दोन पदार्थ, गोड, पाव आणि बहुधा एक पेयही त्यातच. मात्र हा मेनू शनिवार-रविवारी अनेकदा नसतो आणि हातात दिलेल्या मोठ्या कार्डावरही नसतो. फळ्यावर लिहिलेला असतो किंवा विचारावा लागतो. वेळाही वेगळ्या. पॅरिसमध्ये दोननंतर किचन बंद होऊ लागतं, स्पेनमध्ये दीडच्या आधी कोणी फिरकत नाही. पॅरिसमधली बरीच ठिकाणं रविवार-सोमवार बंद असतात, ऑगस्टमध्ये तर काही आठवडेच्या आठवडे.

फक्त तारे बघणं. चांगल्या हॉटेलांना तारे देणाऱ्या 'मिशेलिन' गाइडच्या यादीत ताऱ्यांखेरीज 'बीब गुरमाँ' हाही शेरा असतो, १९९७ पासून. जीभ चाटणारा मिशेलिनचा गुबगुबीत माणूस ही त्याची खूण. अर्थ, वाजवी दरात चांगलं जेवण. बजेट बेताचं असेल तर आधी ही यादी उघडा, तारे नंतर.

बुकिंगचं घड्याळ चुकणं. बुकिंग 'मध्यरात्री उघडतं' म्हणजे तिथल्या मध्यरात्री. टोकियोत रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ, म्हणजे सोपं. पॅरिससाठी उन्हाळ्यात पहाटे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. कार्डाचा नंबर मागितला तर रद्द करण्याची मुदत वाचा. न सांगता गैरहजर राहिलात तर माणशी ठरलेली रक्कम कापली जाऊ शकते.

मेनूतला आकडा म्हणजेच बिल, असं धरून चालणं. समजा पॅरिसमध्ये दुपारचा मेनू ४५ युरोचा आहे. दोघांचे ९०. पाण्याची बाटली ८, वाइनचे दोन ग्लास २८, दोन कॉफी १०. झाले १३६. मेनू बदलला नाही, तरी निम्म्याहून जास्त भर पडली. 'उन काराफ दो' म्हटलं की फ्रान्समध्ये नळाचं पाणी फुकट मिळतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. सर्व्हिसही तिथे किमतीतच धरलेली असते. वर दोन-चार युरो ठेवलेत तर मर्जी तुमची.

देश बदलला की खाचाखोचा बदलतात. सिंगापूरमध्ये किमतीपुढे '++' असेल तर आधी १० टक्के सर्व्हिस आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. ६० डॉलरचे ७१.९४ होतात. इटलीत 'कोपेर्तो' नावाने माणशी एक-दोन किंवा अधिक युरो लागतात. तिथेच मासळीचा भाव 'एत्तो'ने लिहिलेला असला तर तो १०० ग्रॅमचा; ८०० ग्रॅमचा मासा आला की आठपट. मासा दाखवायला आणतील तेव्हाच वजन विचारा. पोर्तुगालमध्ये न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. खाल्लंत तर पैसे, नको असेल तर हात न लावता परत पाठवा. लंडनमध्ये १२.५ टक्के सर्व्हिस बिलात आधीच धरलेली असेल, तर वेगळी टिप देऊ नका. जपानमध्ये टिप द्यायचीच नाही.

'आम्ही व्हेज' एवढंच सांगणं. हे पुरत नाही. फ्रेंच कांद्याच्या सूपमध्ये पारंपरिक पद्धतीत बीफचा स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी) असतो, जपानी मिसो सूप ज्या पाण्यात करतात त्या 'दाशी'त बहुधा सुकवलेला मासा आणि थाई भाज्यांत फिश सॉस. बुकिंग करतानाच लिहा: मांस, मासे, त्यांचा स्टॉक आणि सॉस काहीही नको, अंडं आणि दूध चालेल की नाही. जैन जेवण हवं असेल तर कांदा-लसूणही नाव घेऊन कळवा. ठरलेल्या पदार्थांच्या मेनूत ऐन वेळी बदल करणं किचनला जमत नाही. दोन दिवस आधी कळवलं तर बहुतेक जण आनंदाने काहीतरी वेगळं करतात.

मशीनवर रुपये निवडणं. कार्ड लावल्यावर पडदा विचारतो, युरो की रुपये? रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर मशीनवाल्याचा असतो आणि सहसा वाईट. स्थानिक चलन निवडा. वेटरने परस्पर रुपये दाबले असतील तर पिन टाकण्याआधीच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.