लिओन व्हिएहोचे अवशेष कसे पाहावेत

निकाराग्वातील लिओन व्हिएहो हे स्पॅनिश वसाहतकालीन नगर फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा याने 1524 मध्ये वसवले आणि 1610 मधील भूकंपानंतर रहिवाशांनी ते सोडून दिले. 1967 मध्ये त्याचे अवशेष सापडले व 2000 मध्ये त्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. उंच भिंती किंवा कमानी पाहण्याच्या अपेक्षेने येथे येऊ नये. बहुतेक इमारतींचे केवळ जोते आणि भिंतींचे खालचे थर उरले असल्यामुळे नगराचा आराखडा आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

पाहणीची सुरुवात मुख्य चौकापासून करावी, कारण कॅथेड्रल आणि रस्त्यांची मांडणी त्याच्याच संदर्भात उलगडते. 1526 मध्ये गव्हर्नर पेद्रारियास दाविला याने नगराच्या संस्थापकाचाच शिरच्छेद करवला, हे येथे उभे राहताना अवश्य लक्षात असू द्यावे. त्यानंतर ला मेर्सेद चर्चकडे जावे आणि तेथे सर्वाधिक वेळ द्यावा: 2000 मधील उत्खननात कोर्दोबा व पेद्रारियास या दोघांचेही मानले जाणारे अवशेष याच चर्चमध्ये मिळाले. शेवटी उंचवट्यावर चढून मोमोतोंबो ज्वालामुखी पाहावा.

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ भेटीस योग्य आहे. 1998 च्या मिच चक्रीवादळात या अवशेषांची मोठी हानी झाली होती, म्हणून भिंतींवर पाय ठेवणे कटाक्षाने टाळावे.