सिव्हिलायझेशन ६: पहिल्या शंभर टर्नमधील वस्तीविस्तार आणि संशोधनाचा क्रम

सिव्हिलायझेशन ६ या साम्राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळातला डाव इ.स.पू. ४००० मध्ये सुरू होतो आणि त्या वेळी खेळाडूच्या हाती एक सेटलर (नवे शहर वसवणारी तुकडी) आणि एक वॉरियर (लढाऊ तुकडी) एवढेच असते. शेवटी विजय विज्ञानाचा मिळो, संस्कृतीचा मिळो की तलवारीचा, त्याचा पाया पहिल्या शंभर टर्नमध्ये, म्हणजे खेळाच्या पाळ्यांमध्ये, घातला जातो. आणि नवखे खेळाडू नेमके याच काळात एकाच शहरात गुंतून पडतात, तिथे एखादे वंडर (जगातली एखादी महागडी, भव्य वास्तू) उभारायला घेतात, संशोधनाचा पाठ केलेला क्रम डोळे मिटून राबवतात आणि आजूबाजूची मोकळी जमीन शेजाऱ्याच्या घशात जाऊ देतात. आधी जमीन धरावी, आणि कोणते संशोधन पहिले हे त्या जमिनीकडे पाहूनच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. पुढे दिलेले आकडे स्टँडर्ड वेगाच्या डावाचे असून ‘राइज अँड फॉल’ आणि ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हे खेळाचे दोन्ही विस्तारसंच (एक्सपान्शन) सुरू आहेत असे धरले आहे.

पहिल्या टर्नला सेटलरला हात लावण्यापूर्वी वॉरियर हलवावा, म्हणजे झाकलेला नकाशा थोडा उघडतो आणि राजधानीची जागा अंदाजाने नव्हे तर पाहून ठरवता येते. नदी, तळे किंवा मरुद्यान यांपैकी काहीतरी शेजारी असेल तर शहराला सुरुवातीलाच ५ हाउसिंग (किती लोक सामावतील याची मर्यादा) मिळते, केवळ समुद्रकिनारा असेल तर ३, आणि पाणी अजिबात नसेल तर २. लोकसंख्या हाउसिंगपेक्षा फक्त एकने कमी उरली की वाढ निम्म्यावर येते, त्यामुळे पाण्याशिवाय वसवलेली राजधानी दुसऱ्या-तिसऱ्या नागरिकापाशीच अडखळते. मैदानी टेकडीवर शहर वसवल्यास शहराची स्वतःची टाइल (नकाशावरचे घर) २ अन्न आणि २ उत्पादन देते, इतर बहुतेक ठिकाणी २ अन्न आणि १ उत्पादन देते. हा एका उत्पादनाचा फरक किरकोळ वाटतो. परंतु सुरुवातीला सगळे शहर मिळून चार-पाच उत्पादन देत असते, त्या हिशेबात तो फार मोठा आहे आणि डाव संपेपर्यंत टिकतो. अशा जागेसाठी एक टर्न खर्च करणे परवडते, दोन टर्न क्वचित, त्याहून अधिक कधीच नाही.

राजधानीतून पहिला स्काउट (टेहळणी करणारी तुकडी) काढावा. त्याला ३० उत्पादन लागते आणि तो एकाच वेळी चार कामे करतो: पुढच्या शहरांच्या जागा हेरतो, आदिवासी खेड्यांतील बक्षिसे गोळा करतो, नगरराज्यांना सर्वांआधी भेटून तिथे एक दूत फुकट मिळवतो आणि रानटी टोळ्यांचे तळ कुठे आहेत ते दाखवतो. यांपैकी नगरराज्याच्या भेटीचे मोल लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. विज्ञानाकडे कल असलेल्या नगरराज्यात पहिला दूत बसला की राजधानीला दर टर्नला २ विज्ञान मिळते. ज्या काळात आपले स्वतःचे विज्ञान जेमतेम तीन-साडेतीन असते, त्या काळात हा लाभ एका अख्ख्या शहराइतका आहे.

स्काउटनंतर स्लिंगर (गोफणवाला) आणि त्यानंतर लगेच पहिला सेटलर, हा क्रम मला बहुतेक डावांत योग्य वाटला आहे. सेटलर पूर्ण होतो तेव्हा शहराचा एक नागरिक कमी होतो, म्हणून शहराची लोकसंख्या किमान दोन असावी लागते. पहिल्या सेटलरला ८० उत्पादन लागते आणि त्यानंतरचा प्रत्येक सेटलर ३० ने महाग होत जातो, म्हणजे दुसरा ११० चा, तिसरा १४० चा, चौथा १७० चा. राजधानी दर टर्नला ६ उत्पादन देत असेल तर पहिला सेटलर चौदा टर्नमध्ये होतो, पण तिसऱ्याला त्याच वेगाने चोवीस टर्न लागतील. म्हणूनच विस्ताराचा खरा प्रश्न पहिल्या सेटलरचा नसतो, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याचा असतो, आणि त्याचे उत्तर सिव्हिकच्या झाडात, म्हणजे संस्कृतीच्या गुणांवर उलगडत जाणाऱ्या सामाजिक कल्पनांच्या क्रमात, आहे.

‘कोड ऑफ लॉज’ हा पहिला सिव्हिक पूर्ण झाल्यावर एक लष्करी आणि एक आर्थिक धोरणपत्र निवडता येते. लष्करी जागेत ‘डिसिप्लिन’ ठेवावे, कारण त्यामुळे रानटी टोळ्यांशी लढताना ५ बळ अधिक मिळते, आणि आर्थिक जागेत ‘अर्बन प्लॅनिंग’ ठेवावे, कारण ते प्रत्येक शहराला १ उत्पादन देते. त्यानंतर ‘फॉरेन ट्रेड’ आणि त्यामागोमाग ‘अर्ली एम्पायर’ गाठावे. ‘अर्ली एम्पायर’सोबत ‘कॉलनायझेशन’ हे पत्र हाती येते आणि सेटलर बनवताना उत्पादन ५० टक्क्यांनी वाढते. वर सांगितलेला १४० चा सेटलर मग चोवीसऐवजी सोळा टर्नमध्ये तयार होतो. ‘अर्ली एम्पायर’ची प्रेरणा (ठरावीक काम केल्यावर सिव्हिकच्या खर्चात मिळणारी सूट) आपल्या राज्याची एकूण लोकसंख्या ६ झाली की मिळते. ही लोकसंख्या एकट्या राजधानीची असावी लागत नाही, सगळ्या शहरांची मिळून मोजली जाते, त्यामुळे पहिला सेटलर लवकर काढून दुसरे शहर वसवले तर दोन्ही शहरे मिळून सहाचा आकडा लवकर गाठतात. पहिला सेटलर पत्राची वाट न पाहता काढावा आणि पुढचे तीन पत्र लावल्यावर एका दमात काढावेत, या सल्ल्यामागचे कारण हेच आहे. मधल्या काळात राजधानीने बिल्डर (शेते, खाणी उभारून जमीन सुधारणारी तुकडी), दुसरा स्लिंगर आणि स्मारक ही कामे उरकून घ्यावीत. सिव्हिक पूर्ण होतो त्या टर्नला धोरणपत्रे फुकट बदलता येतात, एरवी त्यासाठी सोने मोजावे लागते, म्हणून ‘अर्ली एम्पायर’ संपेल त्या टर्नला पत्र बदलायला विसरू नये.

‘स्टेट वर्कफोर्स’ आणि ‘अर्ली एम्पायर’ हे दोन्ही सिव्हिक प्रत्येकी एक गव्हर्नर-पद देतात. पहिल्या पदावर मॅग्नस या गव्हर्नरला (शहराच्या प्रशासकाला) राजधानीत बसवावे आणि दुसऱ्या पदातून त्याला ‘प्रोव्हिजन’ ही बढती द्यावी. त्यानंतर त्या शहरात सेटलर बनवल्यावर नागरिक कमी होत नाही. ‘कॉलनायझेशन’ आणि ‘प्रोव्हिजन’ एकत्र आले की राजधानी वाढतही राहते आणि सेटलरही देत राहते. या खेळाच्या पूर्वार्धात याहून चांगली जोडी मला आढळलेली नाही.

आता संशोधनाकडे वळू. सुरुवातीला पॉटरी, अ‍ॅनिमल हस्बंड्री आणि मायनिंग ही तीन तंत्रे समोर असतात आणि प्रत्येकाला २५ विज्ञान लागते. यांपैकी पहिले कोणते, याचे एकच एक उत्तर नाही. राजधानीभोवतीच्या टाइल्सच्या पहिल्या दोन कड्यांत मेंढ्या, गुरे, हरिण किंवा हस्तिदंत असेल तर अ‍ॅनिमल हस्बंड्री. दगड, संगमरवर, तांबे, हिरे किंवा नुसत्या टेकड्या असतील तर मायनिंग. कापूस, साखर, मसाले किंवा केळी असतील तर पॉटरीमार्गे इरिगेशन, कारण मळे इरिगेशननंतरच लावता येतात. गहू आणि तांदूळ यांना कोणतेच तंत्र लागत नाही, शेती पहिल्या टर्नपासून करता येते. ज्या जमिनीवर नागरिक आज काम करत आहेत, तिला उपयोगी पडेल तेच तंत्र पहिले, एवढे पथ्य पाळले की निम्मे प्रश्न सुटतात.

उरलेले निम्मे युरेका सोडवतात. युरेका म्हणजे, विशिष्ट काम केले की त्या तंत्राचा ४० टक्के खर्च माफ होतो, आणि सिव्हिकच्या बाबतीत प्रेरणेनेही तसेच घडते. माझ्या एका डावातील उदाहरण इथे थोडे तपशिलाने देतो. राजधानी नदीकाठी होती. एका बाजूला टेकडीवर मेंढ्या, दुसऱ्या बाजूला संगमरवर आणि नदीपलीकडे गहू होता. अ‍ॅनिमल हस्बंड्री आणि मायनिंग झाल्यावर ५० उत्पादनाचा पहिला बिल्डर तयार झाला आणि त्याच्या हाती तीन कामे होती. त्याने मेंढ्यांसाठी कुरण केले, तेव्हा हॉर्सबॅक रायडिंगचा युरेका मिळाला. संगमरवराची दगडखाण (क्वारी) केली, तेव्हा मॅसनरीचा मिळाला. गव्हाचे शेत केले, तेव्हा इरिगेशनचा मिळाला. आणि तीन टाइल्स सुधारल्या म्हणून ‘क्राफ्ट्समनशिप’ची प्रेरणा मिळाली ती वेगळीच. हॉर्सबॅक रायडिंगचे १२०, मॅसनरीचे ८० आणि इरिगेशनचे ५० असे मिळून २५० विज्ञान होते, त्यातले १०० विज्ञान एका बिल्डरने वाचवले. दर टर्नला साडेतीन विज्ञान धरले तर ही जवळपास अठ्ठावीस टर्नची कमाई आहे. म्हणून पहिल्या बिल्डरची तिन्ही कामे टाइल्स सुधारण्यासाठीच राखावीत. मायनिंगनंतर झाडी तोडून २० उत्पादन तत्काळ मिळवता येते आणि सेटलर अडला असेल तेव्हा तो मोह होतोच, तरी ते काम दुसऱ्या बिल्डरवर सोपवावे.

युरेकाचा हिशेब नीट बसवण्यासाठी, ज्या तंत्राचा युरेका मिळणार अशी खात्री आहे ते तंत्र साठ टक्क्यांवर आणून थांबवावे आणि दुसरे हाती घ्यावे. झालेले संशोधन वाया जात नाही, ते तिथेच साठून राहते. आर्चरीचा युरेका स्लिंगरने एक शत्रू मारल्यावर मिळतो, म्हणून आधी वॉरियरने रानट्याला जखमी करावे आणि शेवटचा घाव स्लिंगरला घालू द्यावा. तीन रानटी मारले की ब्राँझ वर्किंगचा, साधनसंपत्तीवर खाण केली की द व्हीलचा आणि दुसऱ्या संस्कृतीशी भेट झाली की रायटिंगचा युरेका पदरात पडतो. रायटिंगसाठी मी बहुतेकदा शेजारी भेटेपर्यंत थांबतो. मात्र स्काउट लवकर मारला गेला आणि बेटावर एकटेच आहोत असे दिसू लागले, तर थांबण्यात अर्थ नसतो.

रायटिंगनंतर कॅम्पस हा विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट (शहराचा खास विभाग) उभारता येतो आणि डोंगररांगेच्या कुशीतली टाइल त्यासाठी सर्वांत उत्तम, कारण लगतचा प्रत्येक डोंगर १ विज्ञान वाढवतो. भूऔष्णिक भेग किंवा प्रवाळ शेजारी असेल तर त्या प्रत्येकामागे २ मिळते. तंत्रे आणि सिव्हिक वाढत जातात तसा डिस्ट्रिक्टचा खर्चही वाढतो, परंतु जागेवर पाया घालताच तो खर्च गोठतो. त्यामुळे बांधकाम लगेच करायचे नसले तरी पाया आत्ताच घालून ठेवावा आणि सेटलरचे काम पुढे चालू द्यावे. अ‍ॅस्ट्रॉलॉजीच्या मागे, धर्मस्थापना हेच ध्येय नसेल तर, या काळात लागू नये. पँथिऑनसाठी (धर्मस्थापनेआधीच्या देवश्रद्धेसाठी) २५ श्रद्धा पुरते, आणि ती कुठून तरी जमलीच तर ‘रिलिजस सेटलमेंट्स’ निवडून एक सेटलर फुकट घ्यावा.

शहरांमधील अंतराबाबत नियम असा, की दोन शहरांच्या मध्ये किमान तीन टाइल्स असाव्या लागतात. पुष्कळ खेळाडू शहरांची वर्तुळे एकमेकांवर येऊ नयेत म्हणून त्यांना फार दूर वसवतात, ते मला पटत नाही. प्रत्येक शहर तिसऱ्या कड्यापर्यंत काम करू शकत असले तरी पूर्वार्धात एवढे नागरिकच नसतात. जवळजवळ वसलेली शहरे एकमेकांना सांभाळतात, त्यांची निष्ठा टिकते आणि एकाच बिल्डरचे काम दोघांच्या उपयोगी पडते. नागरिकांच्या निष्ठेचा दाब नऊ टाइल्सपर्यंत पोहोचतो आणि अंतरागणिक घटत जातो. म्हणून शेजाऱ्याच्या दिशेची जागा आधी धरायची असली, तरी त्याच्या दारात आणि आपल्या राजधानीपासून दूर वसवलेले शहर काही टर्नमध्येच बंड करून जाते, हे विसरू नये. पाठीमागची, समुद्राकडची, कुणाचाही डोळा नसलेली जागा शेवटी घ्यावी.

भारताच्या बाजूने खेळणाऱ्यांसाठी, मग नेता गांधी असो की चंद्रगुप्त, पाण्याचा हिशेब थोडा वेगळा होतो. आपल्याकडे जिला बारव म्हणतात, तीच पायऱ्यांची विहीर इथे भारताची खास सुधारणा आहे आणि ती इरिगेशननंतर बांधता येते. ती १ अन्न आणि १ हाउसिंग देते, टेकडीवर बांधता येत नाही आणि दोन बारवा शेजारीशेजारी चालत नाहीत. ज्या सपाट, कोरड्या जागेला एरवी नाकारावे लागले असते ती बारवेच्या जोरावर घेता येते, म्हणून भारताकडून खेळताना इरिगेशन मी नेहमीपेक्षा लवकर घेतो.

हे सगळे सांभाळताना सेटलर एकटा पाठवू नये. एका डावात तिसाव्या टर्नच्या आसपास मी माझा दुसरा सेटलर सोबतीशिवाय जंगलातून नेला; वाटेत न पाहिलेल्या भागातून रानट्यांची एक तुकडी आली आणि सेटलर पकडून घेऊन गेली. ११० उत्पादन आणि एक नागरिक तर गेलाच, शिवाय वीस टर्नच्या आत ती जागा शेजाऱ्याने घेतली आणि त्या डावात मला उत्तरेकडे वाढता आलेच नाही. लढाऊ तुकडी आणि सेटलर एकाच टाइलवर उभे राहू शकतात आणि दोघांना एकत्र बांधून चालवताही येते. रानट्यांचा स्काउट आपले शहर पाहून तळाकडे परतला की हल्ला येतो, म्हणून तो दिसताच त्याचा पाठलाग करून त्याला तळ गाठण्याआधीच मारावे. आपल्या नजरेखाली असलेल्या टाइलवर नवा तळ उगवत नाही, तेव्हा एखादी तुकडी मोकळ्या माळावरच्या उंच टेकडीवर नुसती उभी करून ठेवणे हेही उपयोगाचे काम आहे.

मधल्या अवघडपणाच्या पातळीवर साठाव्या टर्नला चार-पाच आणि शंभराव्या टर्नला आठ शहरे असावीत, असे मी धरून चालतो. डेइटी या सर्वांत अवघड पातळीवर संगणकाचे खेळाडू तीन सेटलर घेऊनच सुरुवात करतात. तिथे तिसऱ्या सेटलरच्या आधी तीन आर्चर उभे करणे भाग पडते आणि एखादे शहर शेजाऱ्याकडून जिंकून घेणे हे वसवण्यापेक्षा स्वस्त पडते. सोने साठत असेल तर ते अंगावर ठेवू नये: पहिला सेटलर ३२० सोन्यात आणि पहिला बिल्डर २०० सोन्यात विकत मिळतो, पण सेटलर जसजसा महागतो तशी त्याची किंमतही वाढते, म्हणून सोन्याने बिल्डर घ्यावेत आणि उत्पादनाने सेटलर बनवावेत. नव्या शहरात पहिले काम स्मारकाचे ठेवावे आणि ‘फॉरेन ट्रेड’नंतर बनवता येणारा व्यापारी तिथून राजधानीकडे पाठवावा. तो अन्न आणि उत्पादन दोन्ही आणतो, जाता जाता रस्ता पाडतो, आणि त्याच रस्त्याने पुढचा सेटलर लवकर पोहोचतो.