डिझेलची बोट घेतलीत? आधी वर्गमूळ काढा

साठीनंतर शिडाचे दोर ओढवेनात म्हणून ट्रॉलर पद्धतीची, म्हणजे डिझेलवर सावकाश चालणारी जड बोट घेतली, की पहिला चटका डिझेलच्या बिलाचा. वारा फुकट होता ना! त्यात आपण सोलापूरकर. किनारा गाठेपर्यंतच गाडीची टाकी निम्मी होते.

१. बोटीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजा. पुढे झेपावलेलं नाक धरायचं नाही.

२. तिचं वर्गमूळ काढा. ३६ फुटांचं ६. म्हणजे ६ नॉट, ताशी साधारण ११ किलोमीटर. हा काटकसरीचा वेग.

३. वर्गमुळाला १.३४ ने गुणा. इथे ८ नॉट आले. ही वरची हद्द. त्यापुढे थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा) रेटलात तर बोटीचा मागचा भाग खाली बसतो, नाक वर येतं, मागे मोठी लाट उठते. डिझेल भसाभस जातं, वेग जेमतेम वाढतो. शिडवाल्यांना सावकाश जायची सवय असतेच, ती मोडू नका.

एक मात्र सांभाळा. टाकीचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. उजनी धरणाच्या पाण्यात छोटी बोट बंद पडली तर वल्हं मारत काठ गाठता येतो. एवढं धूड समुद्रात वल्हवणार कोण?