आधी ऊब, मग पाणी, मग दूध: रानातली अनाथ पिल्लं सांभाळायला शिकणाऱ्यांसाठी

पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माड साफ करतो आणि सुक्या चुडतांबरोबर खारीचं घरटं खाली येतं. पावसाळ्याआधी जुनं घर शाकारायला घेतलं की माळ्यावर उदमांजराची पिल्लं निघतात. गोव्यात या कामात नव्याने येणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा बहुधा यांतलंच एखादं पिल्लू पडतं. बिबटा आणि गवा फार पुढची गोष्ट.

पिल्लू खरंच अनाथ आहे का, ते आधी बघा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे. खारीची पिल्लं धडधाकट असतील तर टोपलीत सुकं गवत, त्याखाली फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि ती टोपली त्याच माडाला मांजर पोचणार नाही एवढ्या उंचीवर बांधा. मग सगळ्यांना तिथून हलवा. घोळका उभा असला तर आई उतरणारच नाही. खारीला दिवस मावळेपर्यंत वेळ द्या, रात्री ती येत नाही. उदमांजराचं उलट: आई अंधारात येते आणि मानगूट धरून एकेक पिल्लू नेते. म्हणून खोकं तिन्हीसांजेला माळ्याजवळ ठेवायचं आणि पहाटे बघायचं. भेकराचं पाडस झुडपात निपचित बसलेलं दिसलं तर हातही लावू नका. त्याची आई जवळपास चरत असते.

आई आलीच नाही, तर वन खात्याला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. ताब्यात आलेल्या प्राण्याची खबर ४८ तासांत द्यावी लागते आणि परवानगीशिवाय तो घरी ठेवणं गुन्हा आहे. दयेने ठेवला, ही सबब चालत नाही. चालूही नये.

आता ती चूक, जिच्यात जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अडकतो: थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं. पिल्लू चिरकत असतं, आपल्याला वाटतं भूक लागली, आणि पाच मिनिटांत कोणीतरी वाटीत गाईचं दूध आणून ठेवतं. पण अंग थंड असताना आतडी हलत नाहीत. दूध पोटात तसंच पडून राहतं, आंबतं, पोट फुगतं. थंड पिल्लाला नीट गिळताही येत नाही, त्यामुळे थेंब श्वासनलिकेत जातात. रात्री पिल्लू शांत झोपल्यासारखं दिसतं आणि सकाळी मेलेलं असतं. पाजणाऱ्याला कारण कळतच नाही. उलट वाटतं, दूध कमी पडलं.

म्हणून क्रम पाठ करा. पहिली ऊब. खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली गरम बाटली ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकता येतं. अर्धा ते एक तास लागेल. घाई नको, दिव्याखाली भाजू नका. पोट आणि तोंडाची आतली बाजू हाताला गरम लागली पाहिजे.

मग पाणी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा; हळूहळू बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा आणि कोमट करून पहिल्या दोन-तीन वेळा तेवढंच द्या. पिल्लू अगदीच गळालेलं असेल तर तोंडाने काहीच नको. पशुवैद्याकडून कातडीखाली सलाईन द्यावं लागतं.

दूध त्यानंतर, आणि तेही गाईचं नाही. त्याने जुलाब होतात आणि भरून काढलेलं पाणी पुन्हा जातं. उदमांजराला मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर, खारीला कुत्र्याच्या पिल्लांची. सुरुवातीला एक भाग दूध, तीन भाग ओआरएस, मग निम्मं-निम्मं, मग तीन भाग दूध, दीड-दोन दिवसांनी पूर्ण दूध. एका वेळचं माप वजनाच्या पाच टक्के: ४० ग्रॅमच्या खारीला २ मिली, १०० ग्रॅमच्या उदमांजराला ५ मिली. डोळे मिटलेले असतील तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. ग्रॅममध्ये मोजणारा काटा नसेल तर हे काम हातात घेऊ नका. अंदाजाने पाजणारे लोक पिल्लं मारतात.

सुई काढलेली १ मिलीची सिरिंज वापरा. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. तान्ह्या बाळासारखं उताणं कधीच नाही. थेंब-थेंब सोडा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, पुसा. पुढचे दोन दिवस श्वासात टकटक ऐकू आली किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, तर पशुवैद्य गाठा. प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने खालची जागा हलकेच पुसा; आई चाटते तेव्हाच लहान पिल्लाला लघवी होते. रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा.

एवढं वाचून दडपण येईल, पण हात लवकर बसतो. आणि सगळं बरोबर करूनही काही पिल्लं जातात, तो दोष तुमचा नसतो.

शिकायला कोणाकडे जायचं? माझं मत स्पष्ट आहे: जो पहिल्याच दिवशी पिल्लू हातात देऊन फोटो काढू देतो, त्याच्याकडे नको. मेलेल्या पिल्लांची वही दाखवतो, त्याच्याकडे जा. व्हिडिओ बघून पाजणं शिकू नका. त्यांतली निम्मी पिल्लं उताणी धरलेली असतात. आधी पिंजरे धुवा. विष्ठा बघायची सवय तिथेच लागते. रेबीजची प्रतिबंधक लस डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. २०१५ पासून सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळलेत, तो गोचिडीतून पसरतो. मेलेल्या माकडाला हात न लावता खात्याला कळवा. माकडाचं पिल्लू एकट्याने वाढवायला घेऊ नका, त्याला कळप लागतो.

दूध सुटेपर्यंत सांभाळणारी माणसं एक-दोनच हवीत. नाव ठेवू नका, बोलू नका, कुत्रा जवळ आणू नका. शक्यतो त्याच जातीची पिल्लं एकत्र ठेवा. नंतर माणूस उभा राहील एवढा उंच, बारीक जाळीचा पिंजरा, आडव्या-तिडव्या फांद्या, लपायला खोकं. उदमांजराला खाणं रात्री आणि लपवून द्या: भेरली माडाची फळं, उंबर, जांभळं, किडे. नुसत्या केळ्यावर वाढलेलं जनावर रानात उपाशी राहील.

सोडायची जागा सापडलं त्याच्या आसपासचीच. अभयारण्य आहे म्हणून फोंड्याचं पिल्लू मोलेला नेऊन सोडू नका. तिथे आधीच दुसऱ्यांची हद्द असते. स्वतः खाणं शोधतं, दिवसा (खार असेल तर रात्री) लपतं आणि माणूस दिसताच पळतं, एवढं जमल्यावर खात्याच्या संमतीने पिंजरा तिथेच काही दिवस ठेवा आणि मग दार उघडा: खारीला सकाळी, उदमांजराला तिन्हीसांजेला, पावसाची झड नसताना. खाणं दोन-तीन आठवडे ठेवत राहा, हळूहळू कमी करा. सलग काही दिवस खाणं तसंच पडून राहिलं की पिंजरा हलवा. पण पिल्लू घरांकडे येऊन माणसांजवळ खाणं मागायला लागलं, तर पुन्हा धरा आणि माणसांपासून आणखी दूर ठेवून परत तयार करा.