ॲप्टला ‘वाय’ म्हणण्याआधी: डिपेंडन्सीच्या या चुका टाळा

उबुंटू आणि डेबियन या लिनक्स सिस्टिमची मशीनं सांभाळतो म्हटल्यावर अडलेल्यांचे फोन येतातच. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सर, काहीच इन्स्टॉल होत नाहीये.’ मी विचारतो, स्क्रीनवर काय लिहिलंय? उत्तर येतं, ‘काहीतरी एरर आहे.’ ते ‘काहीतरी’ वाचून दाखवायला लावलं की निम्म्या वेळा अडचण तिथंच सुटते. या सिस्टिमवर सॉफ्टवेअरची पॅकेजं टाकायचं-काढायचं काम ॲप्ट हा प्रोग्रॅम करतो. एका पॅकेजला चालायला दुसरं जे पॅकेज लागतं ती त्याची डिपेंडन्सी. बदल करण्याआधी ॲप्ट यादी दाखवून विचारतो, आणि ‘हो’साठी आपण वाय दाबतो.

सिस्टिमच्या पायथॉनला हात लावणं

ही चूक पाहिली की अजूनही पोटात गोळा येतो. एका कॉलेजच्या मुलाचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री फोन आला. लॅपटॉपवर उबुंटू 20.04. त्यात पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं 3.8 व्हर्जन असतं आणि सिस्टिमची स्वतःची कामंही त्यावर चालतात. त्या मुलाला 3.9 हवा होता. त्यानं 3.9 टाकला, इथवर काहीच बिघडलं नव्हतं. दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी नीट नांदतात. पण नुसतं ‘पायथॉन-थ्री’ म्हटलं की 3.9 च चालू व्हावा, म्हणून त्यानं यूएसआर-बिन या प्रोग्रॅमच्या फोल्डरमधली सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) तिकडे वळवली. लगेच टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडेनासं झालं. कारण त्या उबुंटूत जीनोम टर्मिनल सुरू करणारी फाइल ही पायथॉनची स्क्रिप्ट आहे आणि तिला लागणारं मॉड्यूल 3.8 साठी कंपाइल केलेलं आहे. ॲप्टही ‘ॲप्ट-पीकेजी मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून ओरडायला लागला.

तेव्हाच लिंक परत जागेवर आणली असती तर काम एका मिनिटाचं होतं. त्यानं मात्र ‘काढून पुन्हा टाकू’ असा विचार करून ‘ॲप्ट रिमूव्ह पायथॉन-थ्री’ चालवलं. पायथॉनवर अवलंबून असलेल्या सगळ्या पॅकेजची लांबलचक यादी समोर आली, त्यात उबुंटू-डेस्कटॉपही होतं. यानं वाय दाबलं. वर ‘ही पॅकेजं आता लागत नाहीत’ असं ॲप्टनं सांगितल्यावर ती काढणारं ऑटोरिमूव्हही मारलं. रीस्टार्टनंतर काळी स्क्रीन, लॉगिनची एक ओळ, आणि वायफाय गायब. ‘सर, फॉरमॅट मारू का?’ हे त्यानं मला तीन वेळा विचारलं.

फॉरमॅटची काहीच गरज नव्हती. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून उबुंटू इन्स्टॉल न करता थेट चालतं) मशीन चालू केलं, डिस्कवरचं पार्टिशन माउंट केलं, डेव्ह, प्रोक आणि सिस हे सिस्टिमचे फोल्डर त्याला जोडून सीएचरूट या कमांडनं डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरलो. म्हणजे नेट पेनड्राइव्हचं आणि ॲप्ट डिस्कवरचा. पहिलं काम लिंक 3.8 वर आणण्याचं, कारण पॅकेज बसताना ज्या स्क्रिप्ट चालतात त्यांनाही तोच पायथॉन लागतो. मग व्हार-लॉग-ॲप्ट फोल्डरमधली हिस्टरीची लॉग फाइल उघडली. कधी, कुठल्या कमांडनं, काय काय निघालं हे तिथं नावानिशी लिहिलेलं असतं. ‘रिमूव्ह’च्या ओळीतली नावं सुटी केली, कंसातले व्हर्जन नंबर उडवले आणि तीच यादी पुन्हा इन्स्टॉलला दिली. पहाटे तीनला डेस्कटॉप उभा राहिला. होम फोल्डरला धक्काही लागला नव्हता. फॉरमॅट मारला असता तर पूर्ण सेमिस्टरचं काम गेलं असतं.

माझा नियम साधा आहे: प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र व्हेन्व्ह (पायथॉनच्या पॅकेजचा वेगळा कप्पा), आणि सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लावून पिप (पायथॉनची पॅकेजं टाकणारा प्रोग्रॅम) कधीच नाही. डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून पिप स्वतःच अडवतो, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणतो. त्यावर घाईतले लोक ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा ऑप्शन लावून मोकळे होतात. त्या ऑप्शनचं नाव एकदा सावकाश वाचा.

यादी न वाचता वाय दाबणं

2021 मध्ये पॉप ओएस या उबुंटूवर बेतलेल्या सिस्टिमवर साधं स्टीम हे गेमचं ॲप टाकायला गेलेल्यांचा पूर्ण डेस्कटॉप निघून गेला होता. मूळ चूक पॅकेजिंगची होती. तरी ॲप्टनं धोक्याचा इशारा दिला होता, ‘येस, डू ॲज आय से’ हे वाक्य अक्षर न अक्षर टाइप करायला लावलं होतं, आणि लोकांनी ते टाइप केलं.

मी यादीच्या खालची आकड्यांची ओळ आधी बघतो: किती अपग्रेड, किती नवीन, किती रिमूव्ह. इन्स्टॉल करताना रिमूव्हपुढे शून्याऐवजी काही दिसलं की हात कीबोर्डवरून काढायचा आणि यादी वर सरकवून वाचायची. शंका असेल तर सिम्युलेटचा ऑप्शन लावून आधी कोरडी रंगीत तालीम करतो.

दुसऱ्या रिलीजचं पॅकेज आणून बसवणं

उबुंटू 22.04 वर जुनं सॉफ्टवेअर ‘लिबएसएसएल 1.1’ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी मागतं. 22.04 मध्ये तिचं नवं रूप, ओपनएसएसएल 3, आहे; जुनी लायब्ररी रिपॉझिटरीत, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजच्या साठ्यात, नाहीच. मग लोक 20.04 ची डेब फाइल (पॅकेजची फाइल) उचलून आणतात. ती बसते, पण त्या मशीनवर तिला पुढे एकही सिक्युरिटी अपडेट मिळत नाही, आणि हे सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षातही नसतं. त्यापेक्षा त्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन शोधा, नाहीतर ते कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात, चालवा.

याहून वाईट म्हणजे डेबियन 11 च्या सोर्सेस फाइलीत (पॅकेजं कुठून आणायची हे ॲप्ट जिथं वाचतो) 12 ची ओळ घालणं. एक पॅकेज हवं असतं, पण त्याच्या पाठोपाठ सी लायब्ररी, जिच्यावर जवळपास सगळे प्रोग्रॅम चालतात, ती 2.31 वरून 2.36 वर जाते. अशा खिचडीला डेबियनवाले ‘फ्रँकेनडेबियन’ म्हणतात. सी लायब्ररी पुन्हा जुन्या व्हर्जनवर उतरवणं हे काम मी कोणाला सुचवणार नाही. नवं पॅकेज हवं असेल तर आधी बॅकपोर्ट्समध्ये (जुन्या रिलीजसाठी बांधलेली नवी पॅकेजं) बघा.

इथं मेसेजमधला एक फरक ओळखायला शिका. ‘नॉट इन्स्टॉलेबल’ म्हणजे ते पॅकेज तुमच्या कुठल्याच सोर्समध्ये नाही. ‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ म्हणजे ते आहे, पण आत कुठंतरी दुसऱ्याशी भांडण आहे. दुसऱ्या प्रकारात मी त्या आतल्या पॅकेजचं नाव ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ला देतो. कुठलं व्हर्जन कुठून येतंय ते दिसतं, आणि बहुतेक वेळा विसरून गेलेला एखादा पीपीए (कोणीतरी वेगळा चालवलेला पॅकेजचा साठा) सापडतो. ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ वाचून घाबरू नका. होल्ड म्हणजे मुद्दाम एका व्हर्जनवर अडवून ठेवलेलं पॅकेज. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ रिकामं आलं तर होल्ड वगैरे काही नाही, हाच व्हर्जनचा तिढा आहे.

बाकीच्या, थोडक्यात

‘लॉक’ची एरर आली तर लॉक फाइल उडवू नका. एका वेळी एकच इन्स्टॉल चालावं म्हणून ती असते. बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतो. दहा मिनिटं थांबा. मधेच वीज गेली असेल तर ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ सगळ्या पॅकेजसाठी चालवा (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम), मग ॲप्टचं ‘फिक्स-ब्रोकन’.

डेब फाइल थेट डीपीकेजीला देऊ नका, ॲप्ट इन्स्टॉलला पूर्ण पाथसकट द्या. डिपेंडन्सी तो आणतो.

डीपीकेजीचे सगळे इशारे डावलणारा ‘फोर्स ऑल’ कधीच नाही. कोणी सांगितलं तरी नाही.

आणि उबुंटूवर अपग्रेडनंतर ‘केप्ट बॅक’, म्हणजे मागे ठेवलेली पॅकेजं, दिसलं तर ते जबरदस्तीनं बसवायला जाऊ नका. बऱ्याचदा ते टप्प्याटप्प्यानं सोडलेले अपडेट असतात, आज शेजारच्या मशीनला, काही दिवसांनी तुमच्या.