फॅट टायर आणि तिची कीर्ती : अंबर एल पारखण्याची रीत

फॅट टायर ही अमेरिकन बिअर तिच्या नावलौकिकाला साजेशी आहे का, हा प्रश्न हाती घेण्यापूर्वी कॅनवरची अक्षरे नीट वाचावीत, कारण जानेवारी 2023 मध्ये त्यांतून ‘अंबर’ (तांबूस) हा शब्द काढला गेला. न्यू बेल्जियम या ब्रुअरीने, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीने, त्या वेळी बिअरची कृती बदलली, रंग उजळ केला, चव अधिक हलकी आणि खुसखुशीत केली आणि नाव नुसते ‘फॅट टायर एल’ असे ठेवले (एल म्हणजे उबदार तापमानात आंबवलेली बिअर). मद्यार्काचे प्रमाण मात्र पूर्वीइतकेच, म्हणजे 5.2 टक्के राहिले. ज्या बिअरने ही कीर्ती मिळवली ती 1991 पासून विकली गेलेली तांबूस अंबर एल होती आणि 2023 च्या बदलानंतर ग्लासात उतरली ती तिचे नाव लावणारी दुसरी बिअर होती. हा भेद ध्यानात न घेता दिलेला निकाल, मग तो स्तुतीचा असो वा निंदेचा, चुकीच्या पत्त्यावर पोहोचतो.

म्हणून पहिले काम चाखण्याचे नाही, कीर्तीचे घटक वेगळे करण्याचे आहे. फॅट टायरच्या बाबतीत ते तीन आहेत : इतिहासाने दिलेले श्रेय, ग्लासातल्या बिअरचा गुण आणि ब्रुअरीची प्रतिमा. प्रत्येकाचा पुरावा निराळा असतो आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या कामी येत नाही.

इतिहासाचा भाग समजून घ्यायला अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याकडे पाहावे लागते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जेफ लेबेश या विद्युत अभियंत्याने जाड टायरांच्या सायकलवरून बेल्जियमचा प्रवास केला, तिथल्या एल चाखल्या आणि परतल्यावर घरीच त्या धर्तीची बिअर करून पाहिली. 1991 मध्ये त्यांनी किम जॉर्डन यांच्यासह फोर्ट कॉलिन्स येथील घराच्या तळघरात न्यू बेल्जियम सुरू केली. त्याच राज्यातल्या गोल्डन गावी कूर्सचा प्रचंड कारखाना होता आणि बहुतेक अमेरिकनांच्या लेखी बिअर म्हणजे फिकट पिवळी, थंडगार लागर (कमी तापमानात आंबवलेली बिअर) एवढेच होते. अशा माणसासमोर तांब्याच्या रंगाची, भाजलेल्या पावाच्या वासाची आणि तरीही कडवटपणाने न घाबरवणारी बिअर ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. कित्येकांच्या आयुष्यातली ती पहिली ‘वेगळी’ बिअर ठरली. शिवाय अनेक वर्षे ती प्रामुख्याने पश्चिमेकडील राज्यांतच मिळत असे आणि जे सहज मिळत नाही त्याची महती आपोआप वाढते. श्रेयाच्या या भागावर मला कोणताही आक्षेप घ्यावासा वाटत नाही, पण दुर्मिळतेतून आलेला वाटा त्यातून वजा केलाच पाहिजे.

प्रतिमेचा प्रश्न कागदोपत्री सुटतो. एके काळी ही कंपनी पूर्णपणे कर्मचाऱ्यांच्या मालकीची होती. 2019 मध्ये ती जपानच्या किरिन समूहातील लायन या कंपनीला विकण्याचा निर्णय झाला. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येनुसार, स्वतः क्राफ्ट ब्रुअर नसलेल्या मद्यउद्योगाकडे 25 टक्के किंवा त्याहून अधिक मालकी असेल, तर त्या ब्रुअरीला ‘क्राफ्ट’, म्हणजे लहान आणि स्वतंत्र, म्हणता येत नाही. ज्यांना ‘क्राफ्ट’ या शब्दातून स्वतंत्र मालकी अभिप्रेत आहे त्यांना इथेच नकारार्थी उत्तर मिळते, त्यासाठी कॅन उघडण्याचीही गरज नाही. मालकीने चव बदलते असे मात्र गृहीत धरू नये आणि चाखताना हा विषय मनातून बाजूला ठेवावा.

आता ग्लासातल्या गुणाकडे वळू. त्यासाठी मोजपट्टी हवी. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत अमेरिकन अंबर एलसाठी साधारण 4.5 ते 6.2 टक्के मद्यार्क, 25 ते 40 आयबीयू (कडवटपणाचे एकक) कडवटपणा आणि एसआरएम या रंगाच्या गडदपणाच्या मापाने 10 ते 17 इतका रंग सांगितला आहे. जुनी फॅट टायर सुमारे 22 आयबीयूची होती. म्हणजे शैलीच्या खालच्या मर्यादेपेक्षाही ती थोडी सौम्यच होती आणि तिच्यावरचे ‘फिकी आहे’ हे आरोप बव्हंशी इथून उगम पावतात. पण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, जोर हा तिचा दावाच नव्हता. तिचा दावा माल्टचा होता, आणि तो पारखायचा तर माल्टच्या दोन जातींतला फरक जिभेला ठाऊक असावा लागतो.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. क्रिस्टल माल्ट करताना ओले, मोड आलेले दाणे आधी बंदिस्त उष्णतेत ठेवतात. दाण्याच्या आतच पिठाची साखर होते आणि पुढे भाजताना ती घट्ट होऊन कॅरामेलसारखी बनते. यातल्या बऱ्याच शर्करा यीस्टला, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला, खाता येत नाहीत, म्हणून बिअरमध्ये गोडवा आणि भरीवपणा शिल्लक राहतो. व्हिक्टरी किंवा बिस्किट या नावाने विकले जाणारे माल्ट निराळे असते. ते आधीच वाळवलेल्या दाण्यांना कोरडे भाजून करतात आणि त्यातून गोडव्याऐवजी पावाच्या खरपूस कडेची, सुक्या बिस्किटाची चव येते. बहुसंख्य अंबर एल पहिल्या वाटेने जातात. फॅट टायरमध्ये दोन्ही होते, पण लक्षात राहायचा तो कोरडा, बिस्किटासारखा खरपूसपणा. मुख्य माल्टाच्या चवीवर तो बसवायचा, त्याखाली थोडेसे कॅरामेल ठेवायचे आणि एकही चव पुढे घुसू द्यायची नाही, हे काम दिसते त्याहून कितीतरी अवघड आहे. हॉप्सचा भडिमार असलेल्या बिअरमध्ये बनावटीतले दोष झाकले जातात. माल्टप्रधान, सौम्य बिअरमध्ये त्यांना लपायला जागा नसते.

याच कारणाने शिळेपणा अंबर एलला फार लवकर बदनाम करतो आणि या रीतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी खरेदीची आहे असे माझे ठाम मत आहे. तारीख न पाहता उन्हाळ्यात एका दुकानाच्या फळीवरून उचललेल्या अंबर एलमुळे मी स्वतः या शैलीविषयी एक चुकीचे मत कित्येक महिने बाळगले होते. बिअरमध्ये प्राणवायू शिरला आणि ती उबेला राहिली की ताज्या माल्टचा वास मरतो, आधी मधासारखा जडपणा येतो आणि मग ओल्या पुठ्ठ्याचा वास. तो ओळखता येत नसेल, तर पुठ्ठ्याचा एक तुकडा पाण्यात भिजवून खरोखर हुंगावा, नाक तो पुन्हा विसरत नाही. उजेडाचा दोष यापेक्षा निराळा असतो. त्यात हॉप्समधील द्रव्यांवर प्रकाश पडून गंधकयुक्त, उग्र दर्प तयार होतो आणि पारदर्शक ग्लासातली बिअर उन्हात ठेवली तर तो काही मिनिटांतच जाणवू लागतो. उरलेल्या दोन घोटांवर हा प्रयोग एकदा अवश्य करावा. तात्पर्य, कॅन किंवा तपकिरी बाटली घ्यावी, तीही शीतकपाटातली, आणि तिच्यावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चाखण्याच्या वेळी बिअर बर्फासारखी थंड नको. 4 अंशांवर जीभ बधिर होते आणि माल्टचा वास वर येत नाही, म्हणून कॅन बाहेर काढून थोडा वेळ थांबावे आणि 8 ते 12 अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुरुवात करावी. स्वच्छ धुतलेला, साबणाचा अंश नसलेला, तोंडाशी किंचित अरुंद होणारा ग्लास घ्यावा. तो तिरका धरून अर्धा भरावा, मग सरळ करून उरलेली बिअर मधोमध ओतावी, म्हणजे दोनेक बोटे फेस येतो. ग्लासामागे पांढरा कागद धरला की रंग खरा दिसतो : अंबर एल कडेला तांबूस सोनेरी आणि मध्यभागी गडद तांब्याची दिसते, 2023 मध्ये बदललेली फॅट टायर सरळ सोनेरीकडे झुकलेली असते. वास मात्र रंग न्याहाळण्याआधी, फेस ताजा असतानाच घ्यावा, कारण सर्वांत नाजूक गंध पहिल्या अर्ध्या मिनिटातच उडून जातात. त्यानंतर एक मोठा घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरू द्यावा, गिळावा आणि नाकातून श्वास सोडावा. चवीचा अर्धा भाग त्या उच्छ्वासात असतो. गिळल्यानंतर तोंड चिकट राहते की कोरडे होते, हे लिहून ठेवावे. कोरडे झाले आणि खरपूसपणा मागे रेंगाळला, तर मोल आहे.

पहिल्या घोटावर निकाल देऊ नये, कारण तिथे नेहमी तीव्र बिअरच जिंकते. संतुलित बिअरची परीक्षा ग्लासाच्या तळाशी होते : ती थोडी उबदार झाल्यावरही गोड-गोड न वाटता प्यावीशी वाटते का, हे पाहावे.

यानंतर नाव झाकून तुलना करावी. जोडीला अलास्कन अंबर घेता येईल. ती 1986 पासून अलास्कातील जुनो शहरात तयार होते, जर्मनीच्या आल्टबिअर या तांबूस, माल्टप्रधान शैलीवर बेतलेली आहे आणि तिचाही कडवटपणा सौम्यच आहे. मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीची अंबर एल अधिक भरीव आणि कॅरामेलकडे झुकणारी, म्हणून तीही उपयोगी पडते. दुसऱ्या कुणाकडून तीन सारखे ग्लास भरून घ्यावेत, दोन ग्लासांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी. खुणा ग्लासांच्या बुडाला असाव्यात आणि रंगावरून ओळख पटत असेल तर डोळे बांधावेत. वेगळा ग्लास कोणता, एवढेच सांगायचे. नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश असते, परंतु सहा फेऱ्यांत पाच किंवा अधिक वेळा केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी आहे. दर वेळी 50 मिलिलिटर पुरे, मध्ये पाणी प्यावे, आणि सहा फेऱ्या एकाच बैठकीत न करता दोन-तीन दिवसांत वाटून घ्याव्यात, नाहीतर चौथ्या फेरीपासून जीभ नव्हे, मद्यार्क बोलू लागतो. फरक ओळखता आला, तरच पसंती विचारावी. फरकच कळत नसेल, तर पसंतीचे कारण नावात आहे, ग्लासात नाही.

या रीतीने पाहिल्यावर माझा निकाल असा आहे. जुनी अंबर एल तिच्या कीर्तीस पात्र होती, मात्र ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणून नव्हे, तर दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणावर एकसारखी उतरलेली, खरपूस माल्ट केंद्रस्थानी ठेवणारी बिअर म्हणून. लाखो लिटरच्या उत्पादनात हा सातत्याचा गुण टिकवणे मला फार मोलाचे वाटते आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेली नाही. 2023 मध्ये बदललेली बिअर स्वच्छ आणि सफाईदार आहे, पण तिची तुलना हलक्या सोनेरी एलशी व्हायला हवी आणि त्या रांगेत तिच्याकडे स्वतःची अशी ठळक खूण उरलेली नाही. ज्यांना ती जुनी चव अनुभवायची आहे आणि घरी बिअर करण्याची सवय आहे, त्यांनी पेल या फिकट, मुख्य माल्टला म्युनिक, व्हिक्टरी आणि गडद क्रिस्टल या माल्टांची जोड द्यावी, क्रिस्टलचा हात आखडता ठेवावा, कडवटपणा 20 आयबीयूच्या आसपास रोखावा आणि तयार बिअर ताजी असतानाच संपवावी.