पिच अँगल काढताना या चुका टाळा

अवकाशातील ऊर्जावान कण चुंबकीय क्षेत्राशी किती अंशांचा कोन करून येतात, म्हणजेच त्यांचा पिच अँगल किती, हे काढणे कागदावर एका डॉट प्रॉडक्टचे, म्हणजे कणाची दिशा आणि क्षेत्राची दिशा या दोन सदिशांच्या अदिश गुणाकाराचे काम आहे, आणि बहुधा म्हणूनच ते फारसे कोणी मन लावून करत नाही.

सर्वाधिक वैताग आणते ती चिन्हाची चूक. डिटेक्टरचे तोंड ज्या दिशेला असते, तिच्या नेमक्या उलट दिशेने कण जात असतो. त्यामुळे दर्शनदिशेला आधी उणे चिन्ह लावावे लागते. एका विद्यार्थ्याने सौरस्फोटानंतरच्या प्रोटॉनांचा मोठा देखणा आलेख आणला होता. क्षेत्र सूर्यापासून बाहेर जाणारे, तरीही सगळा झोत १८० अंशांपाशी, म्हणजे प्रोटॉन सूर्याकडे परत निघालेले! त्यावर पृथ्वीपलीकडून होणाऱ्या परावर्तनाचे स्पष्टीकरणही त्याने लिहून ठेवले होते. सूर्याकडे तोंड असलेल्या डिटेक्टरचीच मोजणी सर्वांत जास्त आहे, हे मात्र पाहिले नव्हते. तयार कोड उचलणाऱ्यांचे बहुतेक असेच होते. मी गणिताआधी कच्ची मोजणी आणि क्षेत्राच्या सूर्यदिशेकडील घटकाचे चिन्ह एकाखाली एक काढतो आणि कोन किती यावा, ते पेन्सिलीने लिहून ठेवतो.

मोजणीला घनकोनाने (त्या कोनपट्ट्याने व्यापलेल्या आकाशाच्या भागाने) आणि निरीक्षणाच्या वेळेने भागल्याशिवाय ९० अंशांवरच्या शिखराबद्दल बोलू नये. कण सर्व दिशांनी सारखेच येत असले, तरी ८० ते ९० अंशांच्या पट्ट्याचा घनकोन ० ते १० अंशांच्या पट्ट्याच्या सुमारे ११ पट असतो.

सरासरी क्षेत्राच्या सदिशाची घ्यावी, कोनांची नव्हे.

इस्रोचे सूर्याचा अभ्यास करणारे यान आदित्य-एल१ स्वतःभोवती फिरत नाही. त्यावरील ऊर्जावान कण मोजणारे स्टेप्स उपकरण ठरावीक दिशांनाच पाहते. जे कोन दिसले नाहीत, त्यांची जागा रिकामी सोडावी. तिथे गुळगुळीत वक्र ओढणे म्हणजे निव्वळ आळस. शिवाय स्टेप्सने सप्टेंबर २०२३ मध्येच मोजणी सुरू केली, तर मॅग्नेटोमीटरचा (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा) दांडा ११ जानेवारी २०२४ रोजी उलगडला. मधल्या काळासाठी दुसऱ्या यानाचे क्षेत्र सर्रास चिकटवले जाते. पण सुरुवातीचे दिवस यान पृथ्वीजवळ होते, आणि एल१ येथील (पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख कि.मी.वरच्या बिंदूपाशी असलेले) क्षेत्र तिथे लागू पडत नाही.

९० अंशांभोवती आलेखाची घडी घालण्याची, म्हणजे ० ते ९० आणि ९० ते १८० हे दोन्ही अर्धे एकत्र करण्याची मुभा फक्त पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांत, कारण तिथे कण दोन्ही गोलार्धांत येरझाऱ्या घालतात. सौरवाऱ्यात तसे केल्यास येणारा झोत आणि परतणारा झोत एकच होऊन बसतात. तिथे कमी ऊर्जेच्या आयनांसाठी आणखी एक दुरुस्ती लागते: २० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या प्रोटॉनचा वेग सेकंदाला सुमारे १,९६० कि.मी., तर खुद्द सौरवाऱ्याचा सुमारे ४००. म्हणून वेग सौरवाऱ्याच्या चौकटीत (वाऱ्यासोबत वाहणाऱ्या निरीक्षकाला दिसेल तसा) बदलून घेतल्यावरच कोन काढावा.